तळटीप १४ : ‘ड्रिलने घर उभं केलं’

१४. ‘ड्रिलने घर उभं केलं’ : इथे भोक कुठेच पाडलेले नाही. ‘घर’ म्हणजे पॉप-अप कॅम्पर, अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायची घडीची बुटकी गाडी. मुक्कामाला पोचल्यावर टणक छप्पर वर चढवायचे आणि दोन्ही टोकांचे बिछाने बाहेर ओढायचे, की कापडी भिंती ताणून बसतात. कंदील-स्टोव्हवाल्या कोलमन कंपनीने १९६०च्या दशकापासून अशा गाड्या काढल्या.

छप्पर चढते ते रहाटाच्या तत्त्वावर. हँडल फिरवले की पोलादी दोर गुंडाळला जातो आणि चार कोपऱ्यांचे खांब एकदम वर सरकतात. शिवाय गाडी डुगडुगू नये म्हणून चार कोपऱ्यांना स्क्रूचे टेकू असतात. तेही एकेक करून फिरवत खाली आणायचे. दिवसभर गाडी हाकून आलेल्या माणसाचे खांदे इथेच भरून येतात. म्हणून हौशी मंडळी बॅटरीवरच्या ड्रिलला बहुधा पाऊण इंची सॉकेट लावून हेच काम मिनिटभरात उरकतात.

टेकूंपुरते हे ठीक. छपराला मात्र जोखीम असते : खांब पूर्ण चढल्यावरही ड्रिल ओढतच राहिले, तर दोर तुटतो. हाताला जड लागलेले कळते, यंत्राला कळत नाही. पुढच्या परिच्छेदात लेखिकेचे दीर ‘बास, आता हाताने!’ असे ओरडतात, ते यासाठीच.