पौगंडावस्था
बालपण व तारुण्य यांमधला काळ. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय त्यात धरते. मूळ संस्कृत शब्द ‘पौगंड’. मात्र त्याचे वय मराठीत बदलले. भागवताच्या टीकापरंपरेत पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर. म्हणजे आज आपण ज्याला पौगंड म्हणतो ते खरे तर कैशोर! ‘किशोर’ म्हणजे मुळात घोड्याचे शिंगरू. अथर्ववेदात हाच अर्थ आहे. बोलण्यात हाच शब्द अधिक जवळचा वाटतो; बालभारतीने १९७१मध्ये मासिकालाही तेच नाव दिले. अरबी भाषक अशा मुलाला ‘मुराहिक’ म्हणतात: वयात येण्याच्या जवळ पोहोचलेला.