पोतदाराची परीक्षा आणि बंद डबी

समजा, बेंबळीतल्या एखाद्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत ‘अमर चित्र कथे’चा जुना अंक सापडला आणि त्याच्या मुखपृष्ठावर निळ्या शाईत अनंत पै यांची सही आहे. ही चित्रमालिका 1967 साली सुरू करणारे पै 2011 मध्ये गेले, म्हणजे आता नवी सही मिळायची नाही. आजोबांनी ती समोर उभं राहून घेतल्याचं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हा अंक अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटाला, सर्टिफाइड गॅरंटी कंपनीकडे साध्या प्रतवारीसाठी पाठवला (धंद्यात तिला सीजीसी म्हणतात), तर तिथले तपासनीस त्या सहीला दोष ठरवतील. मुखपृष्ठावर कुणीतरी पेनाने नाव लिहिलंय, एवढीच त्यांच्या लेखी तिची नोंद. एक तर प्रत खाली उतरेल, नाहीतर अंकाला हिरवी चिठ्ठी लागेल. सहीचा मान म्हणून पिवळी चिठ्ठी मिळते ती कंपनीने नेमलेला साक्षीदार सही होताना तिथे हजर असेल तरच. आजोबांची साक्ष चालत नाही.

हे ऐकून पहिल्यांदा राग येतो. पण साक्षीवाचून सहीला किंमत नाही ही गोष्ट आपल्या मुलखाला काही नवीन नाही. वतनाचा तंटा गोतसभेत मिटला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई आणि त्याखाली जमलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटील-कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, ज्याचं त्याचं हत्यार. वीस-पंचवीस निशाण्यांचा कागद खरा, कारण निशाणी करणाऱ्यांनी एकमेकांना ती करताना पाहिलेलं असे. नांगराचं चित्र काय, कुणालाही काढता येतं.

साक्षीइतकीच जुनी आहे ती परीक्षा. सारासोटात आज कॉमिक्सच्या अंकाचं जे होतं त्याचं कूळ शोधत मागे गेलं, तर चित्रकथा पहिल्याच पायरीवर संपतात आणि पुढे सगळी नाणीच लागतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’ नावाचा अधिकारी आहे आणि परीक्षेचं शुल्कही ठरलेलं आहे, शेकडा एक अष्टमांश. बेंबळी ज्या धाराशिव तालुक्यात आहे त्याच तालुक्यातलं तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनकाळातली मोठी पेठ. तिथली जुनी नाणी लामतुरे संग्रहालयात ठेवलेली आहेत. प्राचीन आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला पुष्कळदा बारीक ठसे दिसतात. सराफांनी नाणं तपासून आपली खूण म्हणून ते मारले असावेत, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर ‘आम्ही पाहिलं, खरं आहे’ असं वस्तूवरच लिहून ठेवण्याची चाल दोन हजार वर्षांची आहे.

मराठेशाहीत हे काम पोतदाराचं होतं. गावोगाव बहुधा सोनारच पोतदारकी करी. वसुलाचा पैसा आला की नाणं दगडावर आपटून नाद ऐकायचा, वजन करायचं, संशय आला तर कसोटीवर घासायचं. चांदीचा रुपया बाहेरून सुरेख आणि आत तांबं किंवा शिसं, ही नेहमीची फसवणूक. कडा कातरून थोडी चांदी काढून घेणं ही दुसरी. खोटं नाणं परत जाई आणि हिणकस किंवा झिजलेल्यावर बट्टा लागे.

धाराशिवच्या माणसाला बट्टा जरा जास्तच कळत असणार. हा मुलूख निजामाचा. मधली 1853 ते 1860 ही सात वर्षं तो इंग्रजांकडे गेला होता आणि त्यातला बराच काळ ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा मेडोज टेलर नळदुर्गला राहून कारभार पाहत होता. मग मुलूख पुन्हा हैदराबादकडे आला. त्यामुळे घरात निजामाचा हाली रुपया आणि शेजारी बार्शी-सोलापूरच्या इंग्रजी हद्दीत कलदार. पुढे भाव बसला तो साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा. बाजार करायला हद्द ओलांडली की पिशवीतला प्रत्येक रुपया अनोळखी माणसाच्या हातात जाऊन नव्याने तपासला जाणार. ज्याची ओळख नाही त्याच्याशी व्यवहार करायची वेळ आली की पारखी लागतो. गावातल्या गावात कोण कसा आहे हे लोक आधीच जाणून असतात.

आता उडी थेट अमेरिकेत. 1949 साली विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि नाण्याच्या स्थितीला 1 ते 70 असे आकडे दिले. हिशोब असा की कसंबसं ओळखू येणारं नाणं एका पटीचं धरलं, तर निर्दोष नाणं सत्तर पटीचं. भावांनी हे गणित लवकरच मोडलं, आकडे मात्र टिकले. आजही नाण्यांची प्रतवारी सत्तरातच होते. या शेल्डनबद्दलची पुढची गोष्ट मला या सगळ्या कुळकथेतली सर्वांत बोलकी वाटते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम नाणी त्याने उचलली होती आणि त्यांच्या जागी आपली हलकी ठेवली होती. 1977 साली तो मेल्यानंतर ते उघडकीला आलं. ज्याने जगाला मोजपट्टी दिली त्यानेच मोजलेला माल बदलला. पोतदारावर नजर ठेवायला दुसरा पोतदार लागतो हे आपल्याकडच्या जुन्या कारभाऱ्यांना पटलं असतं.

कॉमिक्स त्या वेळी रद्दीच होत्या. 1970 मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी त्यांच्या भावांची पहिली पुस्तिका काढली. ओव्हरस्ट्रीट मूळचे नाण्यांचे शौकीन, म्हणून नाण्यांच्या बाजारातली ‘मिंट’, ‘फाइन’, ‘गुड’ ही भाषा कागदाला लागली. टांकसाळीशी काडीचा संबंध नसलेल्या छापील अंकाला आजही जगभर ‘निअर मिंट’ म्हणतात. यातल्या ‘गुड’ला मात्र भुलू नये. दहापैकी दोन गुणांचा, दुमडलेला, मळलेला अंक म्हणजे ‘गुड’.

1986 साली नाण्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून वर प्रतीचा आकडा लावायची पद्धत एका कंपनीने धंद्यात आणली. 1987 मध्ये दुसरी उभी राहिली आणि तिच्याच घरातून 2000 साली सीजीसी निघाली. कॉमिक्ससाठी मोजपट्टी दहाची, अर्ध्यापासून दहापर्यंत. एक अंक एकाहून अधिक तपासनीस स्वतंत्रपणे पाहतात. पानं मोजतात, भिंगाखाली धरतात, अतिनील दिव्याखाली नेतात, कारण नंतर भरलेला रंग त्या उजेडात वेगळा चमकतो. दुरुस्ती सापडली की जांभळी चिठ्ठी, आणि जांभळी चिठ्ठी म्हणजे भाव बसला. निळी चिठ्ठी निर्मळ अंकाची. महागड्या अंकाला शुल्क किमतीच्या टक्क्याने, अगदी कौटिल्यासारखं, फक्त अष्टमांशाने भागत नाही.

दडलेले दोष हा या धंद्याचा गाभा. ‘इन्क्रेडिबल हल्क’चा 181 क्रमांकाचा 1974 मधला अंक घ्या. वुल्व्हरीनचा खरा प्रवेश त्यात असल्यामुळे तो प्रसिद्ध आणि महाग. त्या काळात मार्व्हल कंपनी आतल्या पानावर एक छोटं तिकीट छापत असे. पोरांनी ते कात्रीने कापून वहीत चिकटवायचं. हजारो पोरांनी कापलं. बाहेरून अंक झकास, चकचकीत, कणा सरळ, आणि आत एका पानाला चौकोनी भोक. मुखपृष्ठ पाहून हजारो डॉलर मोजणाऱ्याला घरी गेल्यावर कळणार. डबीत घातल्यावर तर उघडून पाहताच येत नाही, म्हणून चिठ्ठीवर ते लिहिणं भाग पडतं. दुसरा दोष कडांचा. फाटक्या, कुरतडलेल्या कडा धारदार पात्याने अर्धा मिलिमीटर छाटल्या की अंक नवा दिसतो. चांदीचा रुपया कातरणारा वजन चोरायचा, हा वय चोरतो. तिसरा दोष पिनांचा. गंजक्या पिना काढून चकचकीत घातल्या तर जुन्या गंजाची खूण कागदावर राहते.

आपल्या घरच्या मालाला ही तपासणी लावून पाहावी. मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट, कोलमन कंपनीने मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. पहिल्या अंकात वेताळ, किंमत साठ पैसे. बंगाल आठवू नये म्हणून मूळचं नाव बदलून वेताळाचं जंगल ‘डेंकाली’ झालं. पुढे मँड्रेक आला, 1976 मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला बहादूर आला, आणि 1990 मध्ये सगळं बंद पडलं. मराठीतले हे अंक वाचले गेले ते बहुतेक भाड्याच्या वाचनालयातून, बसस्थानकाजवळच्या दुकानांतून, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत. दुकानदार शहाणा असला तर पाच-सहा अंक एकत्र शिवून पुठ्ठा घाली. अंक टिकावा म्हणून त्याने दाभणाने भोकं पाडली आणि बाइंडरने तिन्ही कडा यंत्राखाली सरळ कापल्या. सारासोटाच्या नियमाने हा छाटलेला माल. माझ्या मते तो अंक वाचवल्याबद्दल त्या बाइंडरचे आभार मानायला हवेत. जो अंक शिवला गेला नाही तो बहुधा रद्दीत गेला.

शिवाय आपली हवा. त्या काळचा वृत्तपत्री कागद आतल्या आम्लाने आपोआप पिवळा पडतो, ठिसूळ होतो. कोकणात पिना दोन पावसाळ्यांत गंजतात आणि गंज पानाला खातो. मराठवाड्यातली कोरडी हवा त्या मानाने दयाळू, पण तिथे वाळवी आणि कसर आहेत. परदेशातल्या मोजपट्टीवर आपला चांगला जपलेला इंद्रजालही चार-पाचाच्या आसपास घोटाळला तर नवल वाटायला नको.

आता त्या डबीविषयी. पोतदाराने रुपया खरा म्हटला तरी पुढच्या दुकानात तो पुन्हा दगडावर वाजत असे. त्याचं मत शेवटचं नव्हतं आणि त्याला ते माहीत होतं. डबीने हे बंद केलं. ती फोडली की हमी संपली, म्हणून ती सहसा कुणी फोडत नाही, म्हणून आत काय आहे हे चिठ्ठीवरूनच मानायचं. नवख्याला या डबीने मोठा आधार दिला यात वाद नाही. तिच्याशिवाय एप्रिल 2024 मध्ये सुपरमॅनच्या पहिल्या गोष्टीचा 1938 मधला अंक साडेआठाच्या प्रतीवर साठ लाख डॉलरला गेला नसता. पण आता विकलं जातं ते अंकाइतकंच वरचं लेबल. 2023 च्या अखेरीस संग्राहकांच्याच लक्षात आलं की कुणीतरी डबी न मोडल्यासारखी उघडून आतला उंची अंक काढून घेतला, हलका घातला आणि ओरखडे पडलेली डबी बदलून द्या म्हणून ती कंपनीकडे पाठवली. कंपनीने नवी डबी दिली, जुन्याच आकड्यासह. संशयित अंकांची यादी नंतर कंपनीलाच जाहीर करावी लागली. शेल्डनने तिजोरीत जे केलं तेच इथे टपालाने झालं. हे उघडकीला आणलं ते जुनी-नवी छायाचित्रं शेजारी ठेवून कोपऱ्यातली एकेक सुरकुती मोजणाऱ्या हौशी लोकांनी.

मराठी इंद्रजालच्या खरेदी-विक्रीत डबी अजून फारशी दिसत नाही. इथे विकणारा मोबाइलवर फोटो पाठवतो आणि घेणारा जाणता असला तर मुखपृष्ठाच्या फोटोवर थांबत नाही. मधलं पान उघडून पाठवा म्हणतो, कारण पिनांपासून सुटतं ते आधी मधलं पान. शब्दकोडं पेनाने भरलंय का विचारतो, पाठीमागचं पान मागतो, पिनांचा जवळून फोटो मागतो, आणि अंक शिवलेल्या गठ्ठ्यातून सोडवलेला आहे का हे कणा उजेडात धरून दाखवायला सांगतो. कण्याजवळ ओळीने भोकं दिसली की भाव तिथेच खाली येतो.