रंध्याच्या टोकावरील नाव

१/ जुना लाकडी रंधा हाती येताच जाणकार संग्राहक प्रथम त्याचे पुढचे टोक न्याहाळतो. पाते झिजते, बदलले जाते. घडवणाऱ्याचे नाव मात्र त्या टोकावर पोलादी ठशाने उमटवलेले असते. अठराव्या शतकातील काही अमेरिकी रंध्यांवर तेथे तीन ओळी आढळतात : 'सी. चेलर', 'राहणार', 'रेन्थम'.

२/ रेन्थम हे मॅसॅच्युसेट्समधील बोस्टनच्या नैर्ऋत्येचे गाव. १७२८ च्या सुमारास फ्रान्सिस निकल्सन हा कारागीर तेथे स्थायिक झाला. ज्यांच्याविषयी लेखी पुरावा आहे, अशा अमेरिकेतील रंधे घडवणाऱ्यांत तो सर्वांत आधीचा मानला जातो. त्याचा मुलगा जॉन हाही याच व्यवसायात होता.

३/ निकल्सनच्या कार्यशाळेत आणखी एक कारागीर होता, सीझर चेलर. तो कृष्णवर्णीय होता आणि कायद्याच्या दृष्टीने निकल्सनची मालमत्ता होता. न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरी केवळ शेतमळ्यांपुरती नव्हती. ती कारागिरांच्या कार्यशाळांतही होती.

४/ १७५३ मध्ये निकल्सन मरण पावला. मृत्युपत्राने त्याने चेलरला स्वातंत्र्य दिले. सोबत अंथरूण-पांघरूण, सुतारकामाचे बाक, हत्यारे, पटाशींचा संच, १० एकर जमीन आणि लाकडाच्या साठ्याचा तिसरा हिस्सा दिला. म्हणजे स्वतंत्रपणे धंदा चालवण्याची साधने त्याच्या हाती आली.

५/ चेलर १७८४ मध्ये निवर्तला. तोवरच्या तीन दशकांत त्याने स्वतःच्या नावाचे रंधे विकले. मॅसॅच्युसेट्समधील न्यायालयांचे गुलामगिरीविरोधी निकाल १७८० च्या दशकाच्या प्रारंभीचे. त्याआधी कित्येक वर्षे हा माणूस आपले नाव आणि आपला ठिकाणा लाकडावर उमटवत होता.

६/ असे रंधे ओळखावेत कसे? पहिली खूण लाकडाची. त्या काळच्या न्यू इंग्लंडमधील रंधे बहुधा पिवळ्या बर्चचे. पुढील शतकात बीचचे लाकूड रूढ झाले. दुसरी लांबीची. लाकडावर नक्षीदार कडा काढणारे जुने रंधे साधारण १० इंचांचे असत. पुढे साडेनऊ इंच हे माप स्थिरावले.

७/ तिसरी खूण कडांची. हाताला टोचू नये म्हणून रंध्याच्या वरच्या कडा तासून उतरत्या केलेल्या असत. अठराव्या शतकात हा उतार रुंद व सपाट दिसतो. नंतर तो अरुंद व गोलसर होत गेला. पाते घट्ट धरणाऱ्या पाचरीचा आकारही कारागिरागणिक निराळा.

८/ नावाबाबत मात्र सावधगिरी हवी. रंधा पिढ्यान्‌पिढ्या हात बदलतो आणि प्रत्येक मालक आपलाही ठसा मारतो. नावाखाली गावाचे नाव असेल, तर ते घडवणाऱ्याचे असण्याची शक्यता अधिक. एकच नाव वेगवेगळ्या कारागिरांच्या हत्यारांवर दिसले, तर ते मालकाचे समजावे.

९/ निकल्सनच्या ठशाचे काही रंधे चेलरच्याच हातचे असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो तपासायचा, तर पाचरीचे वळण आणि कडांचा उतार एवढाच पुरावा उरतो. म्हणून जुन्या रंध्याचे टोक घासून चकचकीत करू नये, असे अनुभवी संग्राहक बजावतात. कागदाचे चार फटकारे पुरतात. लाकूड उजळते आणि माणसाचे नाव जाते.