सुकन्या शांता: तुरुंगातली जात शोधणारी एक बातमी सुप्रीम कोर्टापर्यंत कशी पोहोचली?

तुरुंगात गेल्यावर पहिला प्रश्न काय विचारतात? गुन्हा कोणता, हा. आणि त्यानंतर? जात कोणती.

राजस्थानातल्या अलवरच्या तुरुंगात राहून आलेल्या एका तरुण इलेक्ट्रिशियनचा हा अनुभव आहे. जात कळली आणि त्याच्या वाट्याला काय काम येणार, तेही ठरलं: साफसफाई. त्याच्यावरचा गुन्हा सिद्ध व्हायचा होता, पण जातीचा निकाल दारातच लागला होता.

डिसेंबर २०२० मध्ये ही हकीकत 'द वायर' या वेबसाइटवर आली. बातमी लिहिणाऱ्या पत्रकार होत्या सुकन्या शांता.

कोण आहेत सुकन्या शांता?

कायदा, तुरुंग, जात आणि सामाजिक न्याय हे त्यांच्या पत्रकारितेचे मुख्य विषय. कोर्टातल्या घडामोडींसोबतच त्या निकालांचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात, त्या दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजाबद्दल त्या लिहितात. एल्गार परिषद प्रकरणावरही त्यांनी वार्तांकन केलं आहे.

अलवरची बातमी पुलित्झर सेंटरच्या सहकार्याने केलेल्या 'बार्ड' या तुरुंगांवरच्या मालिकेचा भाग होती.

बातमीत नवीन काय होतं?

तुरुंगात जातिभेद होतो, हे आत राहून आलेल्यांना माहीत होतंच. सुकन्या यांनी त्यांच्या अनुभवांना सरकारी कागदाची जोड दिली. सुटून आलेल्या लोकांशी त्या बोलल्या आणि वेगवेगळ्या राज्यांचे कारागृह नियम वाचून काढले. तेव्हा लक्षात आलं की हा एखाद्या जेलरचा मनमानी कारभार नाही. जात थेट नियमातच लिहिलेली आहे.

काही उदाहरणं बघा:

- राजस्थान: स्वयंपाकी म्हणून ब्राह्मण किंवा पुरेशा 'उच्च' जातीतला हिंदू कैदी पात्र.
- पश्चिम बंगाल: जेवण 'योग्य जातीच्या' कैद्यांनी शिजवायचं. सफाईसाठी मेहतर, हरी अशा जातींतले कैदी निवडायचे.
- उत्तर प्रदेश: साध्या कैदेतल्या कैद्याला हलकी समजली जाणारी कामं द्यायची नाहीत. पण अशा कामांची 'सवय' असलेल्या समाजातला असेल, तर चालेल.

यातला उत्तर प्रदेशचा नियम तर २०२२ च्या नव्या मॅन्युअलमधला होता. इंग्रज गेले म्हणून हे नियम गेले नाहीत.

बातमीचं पुढे काय झालं?

राजस्थान हायकोर्टाने बातमीची स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राजस्थान सरकारने नियम बदलले. पण हे फक्त एका राज्यापुरतं होतं.

म्हणून सुकन्या यांनी सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली. सहसा पत्रकार बातमी देऊन पुढच्या बातमीकडे वळतो. इथे पत्रकार स्वतःच याचिकाकर्ती झाली. त्यांच्या बाजूने ज्येष्ठ वकील एस. मुरलीधर आणि वकील दिशा वाडेकर यांनी काम पाहिलं. जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने केंद्र आणि ११ राज्यांना नोटीस काढली.

निकाल काय लागला?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. 'सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार' हे त्या खटल्याचं नाव.

- जातीनुसार कामं वाटणारे आणि कैद्यांना वेगळं ठेवणारे नियम घटनाबाह्य ठरले.
- कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना आणि जातीचे उल्लेख काढून टाकायला सांगितलं.
- नियम दुरुस्त करायला राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली.
- पुढे काय होतंय हे तपासण्यासाठी कोर्टाने स्वतःहून वेगळं प्रकरण दाखल करून घेतलं.

'सवय असलेला समाज' ही भाषा कोर्टाने अस्पृश्यताबंदीच्या कलम १७ आणि वेठबिगारीविरोधी कलम २३ च्या कसोटीवर तपासली. एखाद्याच्या माथी पिढ्यानपिढ्या मारलेलं काम त्याची 'सवय' कसं ठरेल, हा या खटल्यातला गाभ्याचा प्रश्न होता.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने आदर्श कारागृह नियमावलीत बदल करून जातिभेदावर बंदी घातली.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

या निकालात विमुक्त जमातींचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण 'सराईत गुन्हेगार' या शब्दाआडून तो संशय टिकून राहिला. काही राज्यांच्या कारागृह नियमांत या जमातींचा थेट उल्लेखही होता. गावात चोरी झाली की पोलीस आधी पारधी पालावर का जातात, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, याची काळजी घेण्याचे निर्देशही कोर्टाने दिले.

मग आता सगळं बदललं का?

कागदावर बरंच. पण तुरुंगाच्या भिंतीआड कोण स्वयंपाक करतं आणि कोण संडास धुतं, हे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच कोर्टाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं आणि तुरुंगांच्या अभ्यागत मंडळांवर नियमित पाहणीची जबाबदारी टाकली आहे. ती पाहणी खरंच होते का, हे विचारत राहणं हे पुढच्या बातमीचं काम.

सुकन्या यांच्या कामातून एक साधी गोष्ट शिकता येते. त्यांच्या बातमीचा मोठा पुरावा कुठल्या गुप्त फाइलमध्ये नव्हता. तो सरकारी नियमांच्या पुस्तकात छापलेला होता. कुणीतरी ते पुस्तक उघडून, ज्याला त्याचा फटका बसला त्याच्याशी बोलायची गरज होती.