मुलांचं गाणं कोणाच्या गळ्यातलं?

लहान मुलांना कोणतं गाणं द्यावं, याचा विचार महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षं चालू आहे; पण तो बहुतेक वेळा शब्दांपाशीच अडला. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. घरंदाज कुटुंबांतली मुलंमुली गाणं शिकायला यावीत, म्हणून त्यांनी बंदिशींतले शृंगारिक शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घातले. गाण्याची तेव्हाची बदनामी पाहता ते गरजेचंच होतं. मात्र त्यातून एक समजूत घट्ट झाली: शब्द सोवळे झाले की गाणं मुलांजोगं झालं. चाल त्या वयाच्या गळ्याला पेलते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

भोंडल्यात ते कोणी विचारलं नव्हतं, पण उत्तर तयार होतं. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींची गाणी शब्दांच्या कसोटीवर सपशेल नापास व्हावीत, इतका त्यांत सासुरवास आहे. सून माहेरी जायची परवानगी मागते, तर सासू तिला कारल्याचं बी पेरायला सांगते. मग वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे. कडव्यागणिक बदलतो तो एखादा शब्द. त्यामुळे गाणं मुळीच न येणारी पाच वर्षांची पोर तिसऱ्या कडव्यापर्यंत फेरात गाऊ लागते. स्वर मोजके, वाद्य नाही, ठेका पावलांचा. यावर कोणी म्हणेल की पोरवयातच मुलींना सोसायची तालीम देणारी ही गाणी कशाला हवीत? आक्षेप खरा आहे आणि तो गोडीगुलाबीने टाळू नये. पण दोष आशयाचा आहे, घडणीचा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंखशिंपले, पानं, बिया वापरल्या. पद्धत ठेवली, सामान बदललं. गाण्यातही हे करता येतं: साखळी तीच ठेवायची, सासू काढायची.

घडण बदलली ती ध्वनिमुद्रिकेने. ‘देवबाप्पा’ (१९५३) चित्रपटातलं ‘नाच रे मोरा’ गदिमांचं, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशा भोसल्यांचा. गाणं अप्रतिम आहे, आणि घरोघरी मुलं त्यावर नाचली. पण तो मुरलेल्या गायिकेचा आवाज, तिच्या पट्टीतला. मूल त्या पट्टीत गाऊ गेलं की ओरडतं आणि आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. मग मुलांनी चांगलं संगीत ऐकूच नये का? जरूर ऐकावं. पाळण्यातल्या बाळाला ओवीतलं आईचं दुःख कळत नाही, तरी ओवी त्याच्यासाठीच असते; तिथे ऐकणं पुरेसं आहे. गोंधळ होतो तो ऐकण्यासाठी निवडलेलं गाणंच मुलांकडून गाऊन घेतल्यावर, आणि स्नेहसंमेलनांत हेच सर्रास चालतं. मीना खडीकरांनी बालगीतं मुलांच्याच आवाजात गाऊन घेतली, तेव्हा निदान ऐकणाऱ्या मुलाला आपल्या वयाचा गळा ऐकू आला. पण निवडक, तयार गळ्यांची ती गाणीही वाद्यवृंदाच्या साथीने आली. फेरात तिसऱ्या कडव्याला शिरायची सोय त्यांत नव्हती.