तराजू आणि मेद

आमच्या बाभुळगांवीं ज्वारीची भाकरी सोडणें म्हणजे जेवणच सोडणें, अशी माझ्या पिढीची समजूत. तरीहि गेल्या वर्षीं मीं भाकरी, भात व साखर हीं तिन्ही वर्ज्य केलीं. आठ दिवसांत अडीच किलो वजन उतरलें. आनंद झाला, पण कमरेचा पट्टा जुन्याच भोकांत बसत होता!

उलगडा शोधतां शोधतां इतिहासांत शिरलों. १८५७ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनीं यकृतांत सांठणारें ग्लायकोजेन वेगळें काढलें. यकृत व स्नायू मिळून त्याचा सांठा सुमारें अर्धा किलो, आणि त्याच्या दर ग्रॅमास सुमारें तीन ग्रॅम पाणी बिलगलेलें. भाकरी बंद होतांच हा सांठा आटतो, पाणी लघवीवाटें जातें. कांटा खालीं येतो. मेद जागच्या जागीं.

बर्नार यांचीं व्याख्यानें पॅरिसांत ऐकून आलेल्या डॉ. हार्वे यांनीं लंडनच्या विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थास पाव, साखर, बटाटे सोडावयास लाविलें. बँटिंगनें १८६३ त आपली हकीकत छापली. २०२ पौंडांतून ४६ पौंड गेले, हें सारे सांगतात. मला महत्त्वाचें वाटतें तें निराळें: त्यानें कंबरहि मोजली होती, आणि ती बारा इंचांहून अधिक उतरली होती. नुसतें पाणी गेल्यानें हें घडलें नसतें. (त्याच्या पथ्यांत क्लॅरेट मद्यहि होतें, आमच्या एका मित्रांनीं तेवढेंच ध्यानांत ठेविलें.)

१९४२ त अमेरिकन आरमाराचे डॉ. आल्बर्ट बेन्के यांनीं, कोष्टकाप्रमाणें फार वजनदार ठरलेल्या फुटबॉलपटूंना पाण्याखालीं तोललें. कित्येकांच्या अंगीं मेद थोडाच निघाला. भार स्नायूंचा होता. उलट प्रकार आपल्या पुण्याचा. २००४ त डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्रज डॉक्टर जॉन युडकिन यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें आपलें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, पण मेद युडकिनांच्या अंगीं ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२!

हें वाचून मी चपापलों. कारण पुढील तीन महिन्यांत माझें आणखी चार किलो वजन घटलें होतें. या खेपेस पट्टा दोन भोकें आंत आला खरा, पण मांड्याहि रोडावल्या. बँटिंगच्या ताटांत मांस-मासे भरपूर होते. मीं भाकरीबरोबर डाळहि सोडली होती, आणि दिवसभर बैठक! गच्चीचा जिना चढतांना कठड्याला हात लागूं लागला.

आतां डाळ, उसळ, दहीं ताटांत परतलीं आहेत, अर्धी भाकरीहि. रोज सकाळीं हात न टेकतां पंधरा वेळां खुर्चीवरून उठतों. वजन दीड किलो वाढलें आहे. पट्टा मात्र त्याच भोकांत आहे.