गोळेश्वरची माती, हेलसिंकीची गादी

मंडळी, जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ साली दोन भाग झाले. सांगली, मिरज, जत ही संस्थाने दक्षिणेकडच्या भागात आली आणि १९६० साली त्या दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. कागदावर हद्द पडली खरी, पण कुस्तीने ती कधी मानली नाही. कराडकडचा पोर वाळव्याच्या जत्रेत लढायला जातो आणि शिराळ्याचा गडी कराडच्या फडात शड्डू ठोकतो. आजचा विषय या मुलखातल्या तालमीचा आहे, आणि त्यातून एकच गोष्ट सांगायची आहे. पैलवान आपल्या अंगाच्या बळावर कुस्ती मारतो हे खरे. पण ते अंग कुणी कमावून दिले?

आधी तालीम म्हणजे काय ते पाहू. शहरातल्या वाचकाला ती एक अंधारी, ठेंगणी खोली वाटेल. कोनाड्यात मारुती आणि मधोमध मातीचा हौदा. पण ही माती साधी नव्हे. लाल माती चाळून घेतात, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबाचा रस घालतात आणि रोज खोऱ्याने उकरून ती मऊ ठेवतात. उकरण्याचे काम पोरांकडेच असते. त्याने हौदा तयार होतो आणि खांदेही तयार होतात. पहाटे जोर-बैठका, मग लढत, मग अंगाची रगड. वस्ताद काठावर बसून बघतो आणि कुणाचा पाय कुठे चुकला ते तिथल्या तिथे सांगतो. ढाक, पट, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, मोळी हे सारे डाव पुस्तकातून नव्हेत, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे आलेले आहेत.

आता खर्चाचे बघा. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक एका शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नाही. म्हणून गावात पैलवान उभा राहतो तो दहा घरांच्या गोठ्यांवर. जत्रेच्या फडातही तोच हिशेब असतो. हलगी कडाडते, पहिल्यांदा लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात आणि मग इनामाची रक्कम चढत चढत शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत जाते. ते इनाम गावाच्या वर्गणीचे असते. कुस्ती निकाली झाली नाही तर लोक हळहळतात, कारण घातलेला पैसा त्यांचा असतो आणि गडीही त्यांचाच असतो.

या रीतीची खरी परीक्षा १९५२ साली झाली. कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधवांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. मुलाला मातीची ओळख घरातच झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले आणि पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. कोल्हापूर तर मल्लांचे माहेरच. शाहू महाराजांनी उभारलेले खासबागेचे मैदान तिथलेच. सातारा-सांगलीच्या होतकरू गड्यांची पावले तिकडे वळत आली आहेत, तशीच खाशाबांचीही वळली.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. तिथे त्यांच्यापुढे मातीऐवजी गादी आली. मातीत पाय थोडा रुततो, अंगाला पकड मिळते. गादीवर पाय सरकतो आणि सारा खेळ चपळाईवर जातो. आपल्याकडे पाठ लागेपर्यंत झुंजायचे. तिथे कुस्ती १५ मिनिटांची, आणि कुणीच चीत झाले नाही तर पंच निकाल देणार. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना नव्या रीतीचे धडे दिले. खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. गादीची फारशी सवय नसलेल्या गड्याला ही जागा काही कमी नव्हती. पण ते त्यावर समाधान मानून बसले नाहीत. पुढची चार वर्षे त्यांनी मेहनत वाढवली आणि एक गट वर, बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोंत उतरले.

हेलसिंकीला जायचे ठरले, पण पैसा कुठला? गावकऱ्यांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी हात दिला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी इथे क्षणभर थांबावे. आपल्या एका विद्यार्थ्यासाठी स्वतःचे छप्पर गहाण ठेवणारा हा गुरू होता.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला चीत केले, मेक्सिकोच्या बासुर्तोला चीत केले आणि जर्मनीच्या श्मिट्झवर गुणांनी मात केली. जपानचा इशी आणि रशियाचा ममदबेयोव यांच्यापुढे मात्र ते हरले. या दोन कुस्त्यांमध्ये पुरेशी विश्रांती मिळाली नाही आणि तसे सांगायला आपल्या बाजूचे कुणी जवळ नव्हते, असे नेहमी सांगितले जाते. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात ब्राँझपदक पडले. स्वतंत्र भारताचे ऑलिम्पिकमधले हे पहिले वैयक्तिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले, म्हणजे ४४ वर्षे गेली.

परतल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या आणि त्यातून जमलेल्या पैशांतून गुरूचे गहाण पडलेले घर सोडवले. तालमीचा हिशेब असा पुरा होतो. गावाने दिले, गड्याने फेडले. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या माघारी मिळाला. गावाने केलेली कदर आणि सरकारदरबारी झालेली कदर यांत किती वर्षांचे अंतर पडले, हे ज्याचे त्याने मोजावे.

कमावलेले अंग केवळ इनामासाठी नसते, हे या मुलखाने आणखी एकदा दाखवले होते. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इथेच चालले. त्याची तुफान सेना कुंडल भागात तयार झाली. तिथे तरुणांना कवायत आणि लाठी शिकवली जाई. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी याच तुफान सेनेने अडवली. त्याच कुंडलला आजही कुस्त्यांचे मोठे मैदान भरते.

खाशाबांनंतरही ही माती वांझ राहिली नाही. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले आणि कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक आणले. दोघेही सांगली जिल्ह्यातल्या लहान गावांचे.

मात्र या साऱ्या इतिहासात एक उणीव होती. गोठ्यातले दूध काढणाऱ्या, खुराकाची भाकरी थापणाऱ्या लेकीबाळींना हौद्याच्या काठावरही जागा नव्हती. मार्च २०२३ मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि मानाची गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. तालमीचे दार उशिरा उघडले, पण उघडले, याचा आनंद आहे.

गुरुजनहो, तुमच्या गावात एखादी जुनी तालीम असेल, हौद्यात माती कडक झाली असेल, छप्पर गळत असेल. पोरांना आणि पोरींना एकदा तिथे घेऊन जा. आधी खोरे हातात द्या, माती उकरायला लावा. खाशाबांची गोष्ट त्यानंतर सांगा, आणि सांगताना पदकाबरोबर त्या गहाण घराचीही सांगा. सगळी पोरे काही पैलवान होणार नाहीत, आणि होण्याची गरजही नाही. पण आपल्या अंगात जे बळ आहे त्यात कुणाकुणाच्या गोठ्यातले दूध आहे, हे ज्या पोराला कळले, तो ते बळ दुबळ्यावर चालवणार नाही. इतके साधले तरी तालमीचे काम झाले.